अंगणातले दगडी टेबल: वाचकांचे प्रश्न

विटांच्या पायांवर दगडी लादी ठेवून बांधलेल्या बाहेरच्या टेबलांविषयी यंदाच्या पावसाळ्यानंतर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण त्यातली चूक चांगल्या हेतूने केलेली आहे आणि ती फार ठिकाणी आढळते.

प्रश्न : स.न.वि.वि. आमच्या शेतावरच्या घरासमोर आम्ही आठ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि एक इंच जाड अशी कडप्प्याची लादी विटांच्या तीन पायांवर बसवली होती. दोन पाय दोन्ही टोकांना होते आणि लांबी जास्त असल्यामुळे आधार म्हणून तिसरा मध्ये घेतला होता. जमीन काळी आहे आणि पाया दीड फूट खोल होता. दोन वर्षांत लादीला बरोबर मधल्या पायावर आडवी चीर गेली. चीर वरच्या बाजूने चांगली उघडली आहे, खालून मात्र जेमतेम दिसते. टेबलावर कोणी कधी चढलेले नाही. गवंडी म्हणतो की लादीच कच्ची होती. पुन्हा बांधताना चार पाय घ्यावेत का? (परभणी जिल्ह्यातील वाचक)

उत्तर : चार पाय घेऊ नयेत. तिसरा पाय घेतला नसता, तर आपली लादी बहुधा आजही अखंड असती. हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून त्याचे कारण नीट सांगतो.

लादी दोन पायांवर ठेवलेली असते तेव्हा त्यांतला एक पाय अर्धा इंच खचला, तरी लादी थोडी कलते, पण दोन्ही पायांवर टेकलेलीच राहते आणि तिच्या अंगावर नवा ताण येत नाही. एका ओळीत तिसरा पाय आला की तिन्ही पायांचे माथे कायम एका पातळीत राहिले पाहिजेत, अशी अट आपोआप निर्माण होते. लाकडाची फळी असती, तर ती थोडी वाकून तिन्ही पायांना धरून राहिली असती. दगडाला वाकणे माहीत नाही. तो दाबाला अतिशय बळकट असतो, परंतु ओढीला त्याच्या मानाने फारच दुबळा असतो. टोकांचे पाय खाली गेले आणि मधला तिथेच राहिला, तेव्हा आपली लादी मधल्या पायावर तराजूच्या दांडीसारखी तोलली गेली. तिच्या वरच्या अंगाला ओढ बसली आणि चीर वरून उघडली. लादी मध्ये खचून मोडली असती, तर चीर खालून उघडी दिसली असती. मोडलेल्या दगडाची चीर कोणत्या बाजूने उघडली आहे हे आपण पत्रात लिहिलेत म्हणून निदान करता आले, आणि त्याबद्दल मी आपला आभारी आहे.

टोकेच का खचली, याचे उत्तर काळ्या मातीत आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या हातभर खोल भेगा आपण दरवर्षी पाहता. टेबलाच्या मध्यभागी जमिनीवर लादीची सावली असते, त्यामुळे तिथली ओल टिकते, तर टोकांकडची माती चैत्र-वैशाखात लवकर सुकून खाली बसते. दीड फूट खोलीचा पाया या हालचालीच्या पट्ट्यातच राहिला. लादी कच्ची होती असे आपल्या वर्णनावरून मला वाटत नाही.

नवे टेबल बांधताना पाय दोनच घ्यावेत आणि ते अगदी टोकांना न ठेवता थोडे आत घ्यावेत. लादीचे स्वतःचे वजन सर्वत्र सारखे असल्याने टोकापासून लांबीच्या साधारण एक पंचमांश अंतरावर पाय ठेवले, तर पायावर लादीच्या वरच्या अंगाला बसणारी ओढ आणि मध्यभागी खालच्या अंगाला बसणारी ओढ जवळजवळ सारखी होते. लादीला सर्वांत कमी ताण देणारी मांडणी तीच आहे. आठ फुटांच्या लादीसाठी टोकापासून पायाच्या मध्यापर्यंत सुमारे २० इंच आणि सहा फुटांच्या लादीसाठी सुमारे १५ इंच अंतर येते.

जाडीविषयी मी थोडा हट्टी आहे. दगडाची जाडी दुप्पट केली की त्याची वाकण्याला तोंड देण्याची ताकद दुप्पट न होता चौपट होते. आठ फुटांच्या लादीच्या टोकावर ८० किलो वजनाचा माणूस बसला, तर २० मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटवर येणारा ताण त्या दगडाच्या मोडण्याच्या मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचतो, आणि ४० मिलिमीटर जाडीत तोच ताण एक चतुर्थांशाच्या आसपास राहतो. स्वयंपाकघरातल्या ओट्याला १८ ते २० मिलिमीटरचा दगड चालतो, कारण त्याला खालून जागोजागी आधार असतो. बाहेरच्या टेबलाला ते माप लावू नये. आठ फूट बाय अडीच फूट मापाची ४० मिलिमीटरची लादी जवळपास २०० किलो भरते. ते वजनच तिला जागेवर धरून ठेवते.

आता पाया. काळ्या मातीत दोन पायांसाठी दोन वेगळे खड्डे घेऊ नयेत. सुमारे सात फूट लांब आणि अडीच फूट रुंद असा एकच चर घ्यावा. मुरूम हाताशी लागत असेल तर तिथपर्यंत जावे; तो फार खोल असेल, तर निदान अडीच-तीन फूट माती काढून टाकून त्या जागी चांगला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून आणि धुमसाने ठोकून भरावा. काही जण इथे वाळू भरतात, परंतु काळ्या मातीतल्या खड्ड्यात वाळू भरली की पावसाचे पाणी तिथे हौदासारखे साठते आणि भोवतालची माती अधिकच फुगते. मुरुमावर तीन इंच साधे काँक्रीट आणि त्यावर आठ इंच जाडीची लोखंडी सळयांची काँक्रीट पट्टी दोन्ही पायांच्या खालून सलग घ्यावी, ज्यात १० मिलिमीटरच्या तीन सळया खाली आणि तीन वर असतील. जमीन हललीच, तर ही पट्टी दोन्ही पायांना बरोबर घेऊन हलेल. एक पाय उजवीकडे आणि दुसरा डावीकडे झुकला, म्हणजे लादीला जो पीळ बसतो, तोही या पट्टीने टळतो.

शिवाय टेबलाभोवती तीन फुटांपर्यंत बाहेरच्या बाजूला उतार देऊन फरशी बसवावी. खालच्या जमिनीतली ओल वर्षभर सारखी राहावी, हा तिचा मुख्य उपयोग. पाय चिखलात भरत नाहीत हा दुसरा.

मोडलेली लादी टाकून देऊ नये. चिकटवण्याच्या नादालाही लागू नये, कारण उन्हात तापणाऱ्या आणि पावसात भिजणाऱ्या लादीचा असा सांधा भरवशाचा नसतो. चीर मधोमध असल्याने आपल्याजवळ चार-चार फुटांचे दोन तुकडे आहेत. चिरेची कडा कापून सरळ करून घेतली, तर त्यांची दोन छोटी टेबले किंवा दोन बाके होतील; चार फुटांच्या लांबीला एक इंच जाडी पुरते.

प्रश्न : आमच्या गृहसंस्थेच्या बागेत कोटा दगडाची तीन टेबले आहेत. एका सहभोजनानंतर त्यांवर पांढुरके, खरखरीत डाग पडले ते निघत नाहीत. आता नवी दोन टेबले करायची आहेत. कोणता दगड घ्यावा? सभासदांत कडप्पा आणि काळा ग्रॅनाइट असे दोन पक्ष आहेत. (पुणे)

उत्तर : ते डाग लिंबाचे किंवा कैरीचे असावेत. कोटा, शहाबादी, तांदूर आणि कडप्पा ही चारही नावे गावांची आहेत आणि चारही दगड मुळात चुनखडकाच्या जातीचे आहेत. आंबट पदार्थ चुनखडकाला खातो. लिंबाची फोड रात्रभर लादीवर राहिली की तिथली चकाकी जाते, कारण तिथला दगडच झिजलेला असतो. म्हणूनच तो डाग धुऊन निघत नाही. बारीक पॉलिशच्या दगडाने तेवढा भाग घासून आणि नंतर सबंध लादीला पुन्हा पॉलिश करूनच तो जातो. दुकानातला दगड कोणत्या जातीचा आहे याची शंका असेल, तर नमुन्याच्या तुकड्यावर लिंबाचे चार थेंब टाकून रात्रभर ठेवावेत आणि सकाळी पुसून तिरप्या उजेडात पाहावे.

आपल्या दोन पक्षांपैकी मी ग्रॅनाइटच्या बाजूचा आहे, पण काळ्या रंगाच्या नाही. ग्रॅनाइट हा गारगोटी आणि फेल्डस्पार यांचा बनलेला असल्यामुळे लिंबू, चिंच, ताक यांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. मात्र एप्रिल-मेच्या दुपारी काळ्या दगडावर हात ठेवता येत नाही आणि सूर्य मावळल्यानंतरही बराच वेळ तो धग सोडत राहतो. पुण्यात हे कसेबसे सोसेल, पण विदर्भातल्या वाचकांनी काळा दगड झाडाच्या दाट सावलीशिवाय घेऊच नये. करडा किंवा तांबूस दगड बरा. इरकली लुगड्यांमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या इलकलच्या परिसरात तांबूस ग्रॅनाइट निघतो आणि बाहेरच्या कामाला तो शोभतोही. आरशासारखे पॉलिश करून घेऊ नये. उन्हात ते डोळ्यांवर चमकते आणि त्यावरचे ओरखडे लगेच दिसतात. ज्योतीने भाजून खरबरीत केलेला पृष्ठभाग, ज्याला कारखान्यात फ्लेम फिनिश म्हणतात, जेवणाच्या टेबलाला फार खरखरीत पडतो. लेदर फिनिश म्हणून मिळणारा मऊ, मंद चमकेचा पृष्ठभाग दोन्हींच्या मध्ये बसतो.

कडप्प्याची बाजू घेणाऱ्या सभासदांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. तो स्वस्त मिळतो, आपल्याकडच्या कारागिरांच्या हातातला आहे आणि ज्या टेबलावर केवळ वर्तमानपत्र वाचायचे किंवा बुद्धिबळ खेळायचे आहे तिथे तो वर्षानुवर्षे टिकतो. घेताना लादी उभी करून तिची कड पाहावी; कडेला वहीच्या पानांसारखे थर वेगळे दिसत असतील, तर पावसापाण्यात तिचे पापुद्रे निघतील.

आपल्याच मातीतला काळा पाषाण का नको, असेही कोणी विचारील. पाटे-वरवंटे आणि देवळांच्या पायऱ्या ज्याच्या, तो हा दगड टिकाऊपणात कोणालाही हार जाणारा नाही. परंतु खाणीत त्याला मुळातच जागोजागी सांधे असल्याने त्याची सहा-आठ फुटांची पातळ, निर्दोष लादी सहसा मिळत नाही. तो पायांच्या तळाशी वापरावा. तिथे त्याच्यासारखा दुसरा नाही. याविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : टेबलाच्या उघड्या विटांच्या पायांवर जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत पांढरी भुकटी येते. घासली की जाते आणि आठवड्यात परत येते. आता विटांचा पोपडाही सुटू लागला आहे. गिलावा करून वर तैलरंग द्यावा का? (नाशिक)

उत्तर : गिलावा नको आणि तैलरंग तर अजिबात नको. हा लोणा आहे. जमिनीतली ओल विटेच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते, येताना मातीतले आणि विटेतले क्षार विरघळवून आणते, आणि पाणी वाऱ्याने उडून गेले की क्षार तिथेच स्फटिक होऊन राहतात. बाहेर येणारी भुकटी केवळ कुरूप दिसते. खरे नुकसान विटेच्या आत होणाऱ्या स्फटिकांनी होते, कारण ते वाढताना विटेचा पृष्ठभाग ढकलून फोडतात. वरून रंगाने तोंड बंद केले, तर सगळेच स्फटिक आत होतील आणि एक दिवस रंग, गिलावा आणि विटेचा पापुद्रा असे सगळे एकदम गळून पडेल.

जुन्या वाड्यांची रचना आठवावी. काळ्या दगडाचे जोते आणि त्यावर विटांच्या भिंती, हा आपल्याकडचा क्रम आहे. शनिवारवाड्याच्या तटाच्या भिंतीतही दगड खाली आणि वीट वर आहे. जमिनीची ओल दगडाने अडवायची आणि वीट कोरडी ठेवायची, हे त्यातले शहाणपण. आपले टेबल तो क्रम उलटा करते, कारण त्यात दगड माथ्यावर जातो आणि वीट मातीत उभी राहते. म्हणून विटेखाली पुन्हा दगड घालणे हाच उपाय आहे. नव्या कामात जमिनीच्या वर बोटभर आले की पायाच्या पूर्ण मापाची काळ्या पाषाणाची किंवा घट्ट शहाबादी फरशी सिमेंटच्या पक्क्या मसाल्यात सलग बसवावी आणि विटांचे थर तिच्यावर सुरू करावेत.

आपले टेबल उभेच असल्याने पायांभोवतीची माती हातभर रुंदीने आणि वीतभर खोलीने काढून तिथे खडी भरावी आणि फुलझाडांचे पाणी व रासायनिक खत त्या बाजूला जाऊ देऊ नये. लोणा कोरड्या ब्रशने झाडावा आणि झाडलेली भुकटी तिथेच न पडू देता उचलून टाकावी. पाण्याने धुतला, तर तो पुन्हा विरघळून आत जातो. पोपडा सुटलेल्या विटा एकेक करून काढून बदलता येतात, पण आधी एक उन्हाळा थांबून ओल उतरली आहे याची खात्री करून घ्यावी.

नव्या विटा घेतानाच पारख केली तर निम्मे काम होते. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा. कोरडी वीट वजन करून २४ तास पाण्यात ठेवावी आणि पुन्हा तोलावी. साध्या बांधकामाच्या विटेने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ नये, असे भारतीय मानक सांगते. क्षारांसाठी वीट उभी करून तिचे टोक इंचभर शुद्ध पाण्यात ठेवावे. हे पाणी बॅटरीत घालतात ते असावे, विहिरीचे नव्हे. पाणी पूर्ण सुकेपर्यंत थांबावे, आणि विटेवर पांढरा थर दिसला तर ती भट्टी सोडून द्यावी.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. इथे चांगली वीट बाहेरून आणावी लागते. टेबलाचे पाय जांभ्याच्या चिऱ्यांचे केले तर टिकतील का? आणि पावसाळ्यात लादीच्या खालून पाणी ओघळून पाय हिरवे होतात त्यावर काही उपाय आहे का? (रत्नागिरी)

उत्तर : अवश्य टिकतील, आणि कोकणात विटेचा आग्रह धरण्याचे मला काही कारण दिसत नाही. १८०७ साली फ्रान्सिस ब्युकॅननने मलबारातल्या या दगडाला लॅटराइट हे नाव दिले, ते लॅटिन भाषेतल्या विटेच्या शब्दावरून, कारण तिथले लोक तो विटांसारखा कापून वापरत होते. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होत जातो. म्हणून ताजा चिरा लगेच बांधकामात न घेता एक-दोन ऋतू हवेवर राहिलेला घ्यावा. चिऱ्यात पिवळ्या-पांढऱ्या मातीचे मोठे ठिगळ असेल तर तो बाजूला काढावा; पावसात ती माती वाहून जाते आणि पाय पोकळ होतो.

आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. लादीवर पडलेले पाणी कडेवरून वळून खालच्या अंगाला चिकटून आत सरकते आणि पायाच्या माथ्यावर पोहोचते. तिथला मसाला सतत ओला राहतो आणि शेवाळ धरतो. यावर उपाय साधा आहे आणि तो लादी बसवण्यापूर्वीच करायचा असतो. लादी उलटी असताना तिच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत, चारही बाजूंनी सलग अशी सहा ते आठ मिलिमीटर खोल खाच मशीनने पाडून घ्यावी. पाणी त्या खाचेपाशी आले की पुढे सरकू शकत नाही आणि पागोळीसारखे सरळ खाली पडते. ज्याने ही खाच पाडलेली आणि न पाडलेली अशी दोन टेबले एका पावसाळ्यात शेजारी-शेजारी पाहिली आहेत, तो खाच कधी टाळणार नाही. लादी आधीच बसवलेली असेल, तर खालून आडवे पडून हे काम करणे कष्टाचे आहे, पण कारागीर ते करू शकतो.

त्याचबरोबर लादीला रुंदीच्या दिशेने पाव इंचाचा उतार द्यावा. तेवढा उतार पेल्यातल्या पाण्याला कळतो, जेवणाऱ्या माणसाला कळत नाही, आणि पाऊस थांबल्यावर टेबलावर डबके राहत नाही.

प्रश्न : टोरांटोजवळ आमच्या घरामागे असेच टेबल बांधावेसे वाटते. गावाकडच्या पद्धतीत काय बदल करावा? (कॅनडा)

उत्तर : पायाच्या खोलीत आणि विटेच्या निवडीत. पाणी गोठताना आकारमानाने सुमारे ९ टक्के वाढते, आणि आपल्याकडे जी वीट नुसती ओली होते ती आपल्या तिथे हिवाळ्यात आतून फुटते. पाया जमीन गोठण्याच्या पातळीच्या खाली, म्हणजे आपल्या भागात सुमारे चार फुटांपर्यंत न्यावा लागतो, नाहीतर गोठलेली माती पायांना वर उचलते आणि परभणीच्या टेबलाचे जे झाले तेच उलट्या दिशेने होते. वीट फरसबंदीच्या किंवा बाहेरच्या उघड्या कामाच्या प्रतीची, तीव्र थंडीसाठी म्हणून विकली जाणारीच घ्यावी, आणि दगड ग्रॅनाइटच. पाण्याची खाच आणि उतार तर अधिकच जरूर आहे.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुले मधल्या सुट्टीत जमिनीवर बसून जेवतात. गावातल्या लोकांनी वर्गणीतून झाडाखाली सहा फुटांची पाच टेबले आणि बाके बांधून देण्याचे ठरवले आहे. गवंडी गावातलाच आहे आणि मनापासून काम करणारा आहे, पण असे काम त्याने केलेले नाही. त्याला वाचून दाखवता येईल असे काही लिहावे. मुले टेबलावर चढतील, याची मला भीती वाटते. (सोलापूर जिल्ह्यातील मुख्याध्यापिका)

उत्तर : बाई, आपल्या गावकऱ्यांनी हे मनावर घेतले याचा मला फार आनंद झाला. मुले टेबलावर चढणारच, आणि टेबल तसे चढले तरी न हलणारे असावे हे धरूनच पुढचे लिहितो.

सहा फूट बाय अडीच फूट आणि ४० मिलिमीटर जाडीची ग्रॅनाइटची लादी सुमारे १५० किलो भरते. पाय टोकापासून १५ इंचांवर असताना ३५ किलोची चार मुले एकाच टोकावर एकदम बसली, तरी लादी उलटत नाही; ती उलटायला याच्या अडीच पटीहून थोडा अधिक भार लागेल. २० मिलिमीटरची लादी याच जागी जेमतेम तोल राखते आणि मुलांनी उडी मारली तर उलटू शकते. त्यामुळे वर्गणी कमी पडली, तर पाचाऐवजी चार टेबले करावीत, पण जाडी कमी करू नये. कोपरे गोल करून घ्यावेत आणि कडा घासून घ्याव्यात. पळणारे मूल अडखळून पडले, तर ते कपाळाला लागू शकतात.

गवंडीदादांसाठी. प्रत्येक पाय रुंदीला दीड फूट आणि जाडीला नऊ इंच घ्यावा, म्हणजे प्रत्येक थरात चार विटा बसतात. एका थरात चारही विटा पायाच्या रुंदीच्या दिशेने, दोन पुढे आणि दोन मागे अशा ठेवाव्यात. पुढच्या थरात दोन्ही टोकांना एकेक वीट आडवी, जाडीच्या दिशेने, घालून मध्ये दोन विटा रुंदीच्या दिशेने ठेवाव्यात, म्हणजे उभे सांधे एकावर एक येत नाहीत. चारही विटा आडव्या ठेवण्याचा मोह टाळावा, कारण मग मधला सांधा तळापासून माथ्यापर्यंत सरळ जातो. विटा आधी पाण्यात भिजवाव्यात. माल एकास सहाचा घ्यावा, आणि चांगला चुना मिळत असेल तर एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू हा त्याहून बरा, कारण तो थोडा लवचिक राहतो. फार कडक माल विटेपेक्षा बळकट होतो, आणि हालचाल झाली की सांध्याऐवजी वीट फुटते. प्रत्येक थराला पाणसळ आणि ओळंबा लावावा. किमान सात दिवस गोणपाट गुंडाळून पाणी मारावे आणि आणखी आठवडाभर लादी चढवू नये.

मोठ्यांच्या टेबलाला दगडाच्या फरशीवर विटांचे आठ थर घेतले की लादीसह उंची सुमारे ३० इंच येते. पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी सहा थर पुरतात आणि उंची दोन फुटांच्या आसपास राहते. बाकाचा माथा टेबलाच्या माथ्यापेक्षा नऊ ते दहा इंच खाली असावा. बाकाचे पाय टेबलाच्या पायांना जोडू नयेत. एकाचा हादरा दुसऱ्याला जायला नको.

लादी नेताना नेहमी कडेवर उभी धरून न्यावी. आडवी धरली की मधल्या भागाला आधार नसतो आणि वाटेतच ती मोडते. सहा माणसे हवीत. पायांच्या माथ्यावर अर्ध्या इंचाचा माल सर्वत्र सारखा पसरावा. चार कोपऱ्यांना चार गोळे ठेवून त्यांवर लादी दाबून बसवण्याची पद्धत आहे ती इथे अजिबात नको, कारण त्यात खाली पोकळी राहते आणि सगळा भार त्या चार ठिपक्यांवर येतो. पायावर आधी दोन ओल्या लाकडी पट्ट्या ठेवून लादी त्यांवर टेकवावी आणि मग पट्ट्या एकेक काढून तिला अलगद खाली घ्यावे, म्हणजे कोणाची बोटे सापडत नाहीत.

लादी जागेवर धरण्यासाठी विटेत साधी लोखंडी सळई उभी करून दगडाच्या भोकात बसवू नये. आमच्या घरामागच्या टेबलाला बांधणाऱ्याने अशा सळया घातल्या होत्या. आठ-नऊ वर्षांनी गंज फुगून दोन भोकांपाशी दगडाचे तुकडे उडाले, आणि आईने हौसेने निवडलेली ती लादी आम्हाला उतरवावी लागली. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापते आणि दगडाला ते सोसत नाही. लादीचे वजन आणि खालचा माल एवढे पुरते. तरीही खुंटी हवीच असे गावकऱ्यांना वाटले, तर ती स्टेनलेस स्टीलची घ्यावी.

जागा झाडाखालची आहे असे आपण लिहिले आहे. वड, पिंपळ किंवा उंबर असेल, तर खोडापासून निदान १५ फूट दूर जावे, कारण या झाडांची मुळे पायाखाली शिरून त्याला उचलतात. कडुनिंबाखाली थोडे जवळ चालेल. चिंचेखाली मात्र चुनखडकाची लादी ठेवू नये, मग ती बाकाची का असेना. पायाचा चर घेताना जाड मूळ लागले तर ते न तोडता चरच दोन फूट सरकवावा. सावली देणारे झाड मुलांसाठी टेबलाहून मोलाचे आहे. काम दिवाळीच्या सुट्टीत सुरू केले, तर जमीन फार ओली नसते, फार सुकलेलीही नसते, आणि माल पक्का व्हायला मुले परत येण्यापूर्वी पुरेसे दिवस मिळतात.